चिरेबंदी घर, मागच्या खोलीत वायफाय नाही: एक्स्टेंडर नक्की लावायचा कुठे?

मागीलदार

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते. आज तांत्रिक बाजूला आलेय, सांभाळून घ्या.

आम्ही पुण्याहून सासरी, कुडाळ तालुक्यात, बिऱ्हाड हलवलं. माझं काम मेडिकल कोडिंगचं, म्हणजे अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद. संध्याकाळी टीमबरोबर व्हिडिओ कॉल असतो, तो चुकवून चालत नाही.

घर जुनं, मंगलोरी कौलांचं. भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि दीड फूट रुंद. समोर खळं, मग ओटी, मग माजघर, त्याला लागून देवघर आणि वळई, मागे रांधपाची खोली. तिच्याही मागे, पडवीला भिंत घालून केलेली माझी कामाची खोली. फायबर ओटीवर आलाय, कारण लाइन टाकायला आलेल्या मुलाने जी पहिली खिडकी दिसली तिच्यातून तार आत घेतली. त्यामुळे राउटर ओटीवर, मामंजींच्या छत्रीच्या खुंटीशेजारी.

प्लॅन १०० एमबीपीएसचा. ओटीवर मोबाइलवर ९० च्या वर स्पीड दिसतो. माजघरात ३०-४०. माझ्या खोलीत वायफायचं चिन्ह येतं नि जातं.

म्हणून तेराशे रुपयांचा एक्स्टेंडर ऑनलाइन मागवला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट बसणारा, फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला, खोक्यावर ३०० एमबीपीएस लिहिलेलं, खाली एक लॅन पोर्ट. माझ्या टेबलाशेजारच्या सॉकेटमध्ये लावला. लॅपटॉपवर सगळ्या दांड्या फुल्ल. स्पीड मात्र दोन-तीन, आणि कॉलवर माझा चेहरा अर्धं तोंड उघडलेल्या अवस्थेत गोठतो (टीमकडे त्याचे स्क्रीनशॉट आहेत). एक्स्टेंडरवर सिग्नलचा म्हणून जो दिवा आहे तो लाल आहे, बाकीचे हिरवे.

पीस खराब आहे का? परत करायची मुदत संपत आलीय. की सरळ मेश (एकमेकांना जोडलेले, घरभर ठेवायचे वायफायचे डबे) घेऊ? एक अट आहे: भिंतीला भोक पाडायचं नाही. घर मामंजींच्या वडिलांनी बांधलंय आणि त्या बाबतीत ते ऐकणार नाहीत.

जर्सीकर

ताई, मेश घ्या आणि विषय संपवा. आमच्याकडे न्यू जर्सीत दोन मजली घर आहे, आधी साधा एक्स्टेंडर होता तोही छान चालायचा, नंतर तीन डब्यांचा मेश घेतला. तळघरापासून वरच्या बेडरूमपर्यंत एकच नाव, एकच पासवर्ड. ॲप उघडायचं, क्यूआर स्कॅन करायचा, झालं.

तारवाला

जर्सीकर साहेब, तुमच्या घराच्या भिंती आतून लाकडी चौकट आणि वरून जिप्समचे पत्रे. त्यातून वायफाय जातं. ताईंच्या घरातल्या एका भिंतीत तुमच्या सगळ्या घराच्या भिंती मावतील. मेशचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलतात, त्यांनाही तोच चिरा आडवा येणार. महाग डबा घेतला म्हणून दगड बाजूला सरत नाही.

ताई, मी कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात आधी केबल टीव्हीच्या तारा ओढायचो, आता होमस्टेवाल्यांची नेटवर्कं लावतो. तुमच्यासारखी घरं रोजची आहेत. पीस परत करू नका. तो ठणठणीत आहे, आणि तो लाल दिवा तुम्हाला खरं काय ते सांगतोय.

भजनात बुवा पुढे ओळ म्हणतात आणि मागचे ती उचलतात. मागच्यांना बुवांचं नीट ऐकूच आलं नाही तर ते काय उचलणार? एक्स्टेंडर तसाच. तो स्वतः इंटरनेट तयार करत नाही, ऐकलेलं पुन्हा म्हणतो. तुम्ही त्याला नेमका अशा खोलीत बसवलाय जिथे त्यालाच राउटर ऐकू येत नाही. लॅपटॉपच्या दांड्या फुल्ल दिसतात कारण लॅपटॉप एक्स्टेंडरचा सिग्नल मोजतो, आणि तो हातभर अंतरावर आहे. एक्स्टेंडर ते राउटर या टप्प्याचे हाल त्या दांड्यांत दिसत नाहीत. ते दाखवायला लाल दिवा दिलाय.

लोक नेमकं हेच करतात. जिथे रेंज नाही तिथे एक्स्टेंडर लावतात. तो लावायचा जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे, आणि अशा जागी की तिथून पुढे हवी असलेली खोली गाठता येईल. बहुतेक घरांत ती जागा मधेच कुठेतरी असते, पण टेप घेऊन मध्य काढू नका. भिंती मोजा. वीस फूट मोकळी ओटी चालेल, एक चिऱ्याची भिंत महागात पडेल.

दुसरं, खोक्यावरचे ३०० विसरा. तो कागदावरचा आकडा. तुमच्या डब्यात रेडिओ एकच, त्यामुळे तो एकाच चॅनलवर आधी राउटरकडून घेतो आणि मग तुम्हाला देतो. एका वेळी एकच काम. साहजिकच जेवढं मिळालं त्याच्या साधारण निम्मं पुढे जातं. माजघरात ३०-४० मिळतंय ना, तर तिथून तुमच्या खोलीत पंधराच्या आसपास पोचलं तरी खूश व्हा. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात, फक्त ते सलग हवेत.

आता एक काम करा. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर जातीचं कुठलंही फुकट ॲप घ्या. त्यात सिग्नलच्या ताकदीचा आकडा डीबीएम या मापात दिसेल. आकडा उणे असतो. राउटरच्या अंगावर उणे ३०-३५, उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत कॉल सुरळीत चालतो, उणे ७५ च्या पुढे नुसतं चिन्ह. दर तीनने ताकद निम्मी होते आणि दहाने दहावा हिस्सा राहते, म्हणून ६३ आणि ७३ मधला फरक किरकोळ समजू नका. ओटी, माजघर, देवघराचं दार, रांधपाच्या खोलीचं दार, तुमचं टेबल, सगळीकडे उभं राहून आकडे लिहून काढा. राउटरच्या २.४ वाल्या नावाचे आकडे हवेत, ५ चे नको. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असलं तरी जाड भिंतीत लवकर मरतं, आणि तुमच्या एक्स्टेंडरला ते दिसतही नाही. मोजताना दारं नेहमी असतात तशीच ठेवा.

मागीलदार

तारवाला दादा, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. मोजलं. मामंजी मागून विचारत होते की भूत शोधतेस का.

ओटी, राउटरसमोर: -३६
माजघर, देवघराजवळच्या सॉकेटपाशी: -५४
माजघर, लोखंडी कपाटामागचा कोपरा: -७१
माजघराचं मागचं दार, चौकटीजवळ: -५८
रांधपाची खोली, फ्रिजशेजारचं सॉकेट: -६६
माझं टेबल: -८३

कपाटामागे एवढं कमी कसं? राउटरपासून तो कोपरा देवघरापेक्षा जवळ आहे.

आणि राउटरवर २.४ आणि ५ या दोन्ही बँडना एकच नाव आहे, ॲपमध्ये त्याच्या दोन ओळी दिसल्या. मी २.४ वालीच लिहिली.

तारवाला

कपाट म्हणजे पत्रा. वायफाय दगडातून थोडंफार झिरपतं, पत्र्यातून जात नाही, परत फिरतं. फ्रिज, पाण्याची टाकी, मोठा आरसा यांचंही तसंच. आता देवघराजवळ -५४ का ते बघा: आपल्याकडच्या जुन्या घरांत पुढल्या दारात उभं राहिलं की बहुधा मागचं दार दिसतं. सिग्नल त्या दारांतून सरळ चालत येतो, त्याला चिरा लागतच नाही. तुमचं -५८ त्याच रांगेत आहे.

जागा हीच. माजघराच्या मागच्या दाराच्या चौकटीशेजारी. फ्रिजशेजारी -६६ ला लावला तर आज चालेल, पण हे मे महिन्यातले आकडे आहेत. जांभा चिरा सच्छिद्र. मिरग लागला की भिंत पाणी पिते आणि ओली भिंत सिग्नल जास्त खाते. दरवर्षी जुलैत मला फोन येतात की 'दादा, मे महिन्यात तर चालत होता'. हातात थोडं राखून ठेवा.

तिथे सॉकेट नसणार, धरून चालतो. देवघराच्या सॉकेटवरून चांगल्या कंपनीचा एक्स्टेंशन बोर्ड ओढा आणि चौकटीच्या वर, छातीपेक्षा उंच टांगा. खाली जमिनीवर टाकू नका. ढिलं सॉकेट तर अजिबात नको, डबा जरा हलला की बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि तुम्ही नेटला शिव्या घालता.

आता सेटिंग. आधी एक्स्टेंडर ओटीवर राउटरच्या शेजारी लावून जोडणी करा, नंतर माजघरात न्या. सेटिंग आत राहतं, प्लग काढला म्हणून जात नाही.

पुस्तिकेत पहिली रीत डब्ल्यूपीएसची, म्हणजे पासवर्ड न घालता बटणाने जोडायची, असेल: राउटरवरचं बटण दाबा, दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरवरचं दाबा, दिवा स्थिर झाला की जमलं. सोपी आहे, पण तुमच्या बाबतीत मी ती सांगणार नाही. काही राउटरांत डब्ल्यूपीएस आणि रीसेटचं बटण एकच असतं. जरा जास्त वेळ दाबलं की राउटर कोरा होतो, कंपनीने घातलेलं युजरनेम-पासवर्ड उडतं, आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत घरात नेट नाही. तो माणूस किती लवकर येतो ते मी लिहीत नाही. शिवाय डब्ल्यूपीएसच्या पिनवाल्या पद्धतीतली त्रुटी २०११ मध्येच जगजाहीर झालीय, तेव्हा ते राउटरमध्ये बंद असलेलंच बरं.

ब्राउजरने करा. मोबाइलचा डेटा बंद करा, हे महत्त्वाचं. एक्स्टेंडरचं स्वतःचं नेटवर्क मोबाइलवर दिसेल, त्याला जोडा. मोबाइल कुरकुर करेल की या वायफायवर इंटरनेट नाही, तरी चिकटून राहा म्हणावं. डेटा चालू असला तर मोबाइल गुपचूप डेटाकडे पळतो, सेटिंगचं पान उघडत नाही, आणि अर्धे लोक इथेच पीस खराब म्हणून परत पाठवतात. मग ब्राउजरमध्ये पुस्तिकेतला पत्ता टाका. टीपी-लिंकच्या बऱ्याच एक्स्टेंडरांचा १९२.१६८.०.२५४ असतो, तुमचा वेगळा असू शकतो. ॲडमिन पासवर्ड नवा ठेवा. तो नेटवर्कांची यादी दाखवेल, त्यातलं ओटीवरचं निवडा आणि वायफायचा पासवर्ड घाला. कॅपिटल-स्मॉल बघून.

जोडणी नाकारली तर राउटरमध्ये जाऊन सुरक्षा कुठली आहे बघा. फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवलेलं असेल तर जुन्या धाटणीच्या एक्स्टेंडरला ते कळत नाही. डब्ल्यूपीए-२ किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय ठेवा. राउटरवर कोणी मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांनाच आत घेणारं सेटिंग) लावून ठेवला असेल तरी गोंधळ होतो, कारण एक्स्टेंडरमागची उपकरणं राउटरला वेगळ्याच मॅक पत्त्याने दिसू शकतात.

नावाचं काय करायचं यावर लोक भांडतात. माझं मत असं: तुमचा लॅपटॉप एकाच टेबलावर असतो, तेव्हा एक्स्टेंडरला वेगळं नाव द्या. एकच नाव ठेवलं तर लॅपटॉप कधी ओटीवरच्या मरतुकड्या सिग्नलला धरून बसेल ते सांगता येत नाही. वेगळं नाव द्या आणि लॅपटॉपला मूळ नेटवर्क विसरायला लावा. घरभर फिरणाऱ्या मोबाइलवर दोन्ही नावं ठेवा, काही बिघडत नाही.

शेवटची तपासणी. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग लावून ठेवा (पिंग म्हणजे राउटरला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) आणि कॉल करा. राउटरपर्यंतचे आकडे स्थिर असताना कॉल अडकला तर दोष बाहेरच्या लाइनचा. राउटरपर्यंतच पिंग अडखळत असेल तर दोष घरातला. स्पीड टेस्टवरून हे कळत नाही, आणि कंपनीशी भांडायचं असेल तर आधी हे हातात असावं.

नाशिककर_वायरमन

तारवाल्यांशी सहमत. एक पर्याय राहिला: पॉवरलाइन ॲडॉप्टर. विजेच्या वायरिंगमधूनच नेटवर्क नेतो. एक ओटीवर, एक खोलीत, भोक नको नि ओढाताण नको. दोन्ही सॉकेट एकाच फेजवर मात्र हवेत, आणि थेट भिंतीत लावायचं. स्पाइक गार्ड किंवा इन्व्हर्टर मधे आला की गेलं.

तारवाला

बरोबर. नवी वायरिंग असेल तर मीही लावतो. आमच्याकडच्या जुन्या घरांत ओटीची वायरिंग आजोबांच्या काळची आणि मागची पडवी नंतर जोडलेली, मधे कुठे कसला जोड मारलाय ते देव जाणे. उसनं आणून बघता येत असेल तरच घ्या.

मागीलदार

झालं! सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. मोबाइल डेटा बंद केल्याशिवाय ते पान खरंच उघडत नव्हतं. आता सिग्नलचा दिवा हिरवा. टेबलावर एक्स्टेंडरचा आकडा -६१, स्पीड १४ ते १६, पिंग स्थिर. काल पूर्ण कॉल झाला आणि माझ्या चेहऱ्याचा एकही नवा स्क्रीनशॉट निघाला नाही.

अनपेक्षित फायदा म्हणजे मामंजींचा फोन. घरात मोबाइलची रेंज नसल्यामुळे ते बोलायला खळ्यात जाऊन तुळशीपाशी उभे राहायचे. माझ्या मिस्टरांनी त्यांच्या फोनवर वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. आता ते माजघरात पाटावर बसून बोलतात, आणि सगळं गाव ऐकेल अशा आवाजात.

एक अडचण उरलीच. आमच्याकडे वीज जाते, पावसात तर विचारूच नका. राउटरला छोटा यूपीएस आहे, तो तीन-चार तास काढतो. पण एक्स्टेंडर लगेच मरतो. इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे आहेत. एक्स्टेंडरला तसलाच छोटा यूपीएस लावता येईल का?

तारवाला

मामंजींना नमस्कार सांगा. वायफाय कॉलिंग आपल्याकडे एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणलं, पण खेड्यांत अजून निम्म्या लोकांना फोनमधलं ते बटण माहीत नाही. खरी गरज तर इथेच आहे.

यूपीएसचं नाही जमणार. राउटरचा छोटा यूपीएस १२ व्होल्टचा डीसी देतो, कारण राउटरचा ॲडॉप्टर बाहेर असतो. तुमचा एक्स्टेंडर थेट भिंतीत बसणारा, त्याला २३० व्होल्ट लागतात, ॲडॉप्टर त्याच्या पोटातच आहे. तेव्हा दोन रस्ते.

पहिला, वायरमन बोलावून देवघराच्या त्या सॉकेटला इन्व्हर्टरची लाइन द्या. एक्स्टेंडर दहा वॅटसुद्धा खात नाही, इन्व्हर्टरला ते जाणवणारही नाही. फक्त त्या सॉकेटवर 'इथे मिक्सर लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवा. एक्स्टेंडर इन्व्हर्टरवर गेल्यावर वीज गेली तरी कॉल चालू राहील.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, आणि तो भोक न पाडता होतो. ओटीवरून तुमच्या खोलीपर्यंत लॅनची तार. कौलारू घरात भिंतीचा माथा आणि वासे यांच्यात फट असते, तिथून तार एका खोलीतून दुसरीत जाते. मी अशा घरांत ड्रिल बाहेर काढतच नाही. जांभा ड्रिलने नुसता भुगा होतो, मामंजी बरोबर बोलतात. तार तांब्याची कॅट-सिक्स घ्या. स्वस्तात मिळते ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली असते, वेष्टनावर सीसीए लिहिलेलं असेल तर दुकानदाराला परत करा. माळ्यावर उंदीर असणारच, म्हणून पूर्ण तार पीव्हीसीच्या पाइपातून किंवा केसिंग पट्टीतून न्या. लांबीची काळजी नको, १०० मीटरपर्यंत चालते.

तार आल्यावर टोकाला तुमचा हाच एक्स्टेंडर लावता येईल. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (तारेतून आलेलं नेट वायफायने वाटायचा) आहे का बघा. असेल तर तार खालच्या पोर्टात घाला आणि मोड बदला. मग त्याला हवेतून काही ऐकायचं नाही, निम्म्याची भानगड संपली. नसेल तर घरात जुना राउटर पडलेला असेल तो काढा. त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारं सेटिंग) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ सारखा वेगळा पत्ता द्या, मुख्य राउटर जो वाटत नाही असा, आणि तार त्याच्या वॅन पोर्टात न घालता लॅन पोर्टात घाला. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर घरात दोघेजण पत्ते वाटायला बसतात आणि कुठला मोबाइल कधी चालेल याचा नेम राहत नाही. जुन्या राउटरचा फायदा असा की त्याचा ॲडॉप्टर बाहेर असतो, म्हणजे छोटा यूपीएस चालतो. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचून घ्या, काही ९ चे असतात. ९ च्या डब्याला १२ दिलात तर धूर निघू शकतो.

आणि लॅपटॉपला सरळ तार लावा हो. वायफाय फक्त मोबाइलला.

मागीलदार

फटीची गोष्ट मामंजींना दाखवली. त्यांनी स्वतः शिडी लावून बघितलं आणि म्हणाले, 'एवढंच ना, मग मिरगाआधी करून घ्या.' तेव्हा तारच. मागे गोठ्याच्या जागी दोन खोल्या काढून होमस्टे करायचं मिस्टरांच्या डोक्यात आहे, तीच तार पुढे तिकडे नेता येईल का?

तारवाला

घराबाहेर तांब्याची तार नेऊ नका. वळवाचा आणि परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. वीज तारेवर पडायलाच हवी असं नाही, जवळपास पडली तरी तारेत झटका येतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. ऑक्टोबरात माझ्याकडे अशा जळक्या डब्यांची रांग लागते. घर ते गोठा हा तुकडा फायबरने जोडा, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरला लॅनची तार जोडून देणारे डबे. काचेतून वीज वाहत नाही. फक्त धातूची तार नसलेली फायबर मागा, आधारासाठी पोलादी तार घातलेलीही मिळते. आणि गडगडायला लागलं की प्लग काढायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, ती सगळ्यात स्वस्त.

डोंबिवली_फास्ट

धागा पळवतोय, माफी. आमचा ५५० फुटांचा वन बीएचके, सातव्या मजल्यावर. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. बेडरूममध्ये रात्री नऊनंतर व्हिडिओ अडकतो, दुपारी मस्त चालतो. हाच एक्स्टेंडर मागवू का? तेराशे परवडतील.

तारवाला

नको. तुमची भानगड उलटी आहे, भिंत नाही, गर्दी. ॲनालायझर लावा, २.४ वर शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं दिसतील, आणि नऊनंतर सगळे घरी येऊन एकाच वेळी बघायला बसतात. त्यात एक्स्टेंडर लावलात तर तोच मजकूर त्याच चॅनलवर दोनदा ओरडून गर्दीत आणखी एक भर. राउटर टीव्हीच्या मागून काढा, तो टीव्ही म्हणजे एक मोठा पत्राच. बेडरूमच्या दारातून दिसेल असा कपाटावर ठेवा. टीव्ही आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर न्या. तुमच्या घरात मधे पातळ विटेची भिंत आहे, तिच्यातून ते जातं, आणि शेजाऱ्याच्या घरापर्यंत फारसं पोचत नाही हा तिथे फायदाच. २.४ वर जे राहील त्याला चॅनल १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको. एवढं करून रात्री पुन्हा मोजा. तरी अडकलं तर राउटरला तार लावून मोजा. तारेवरही नऊनंतर स्पीड पडत असेल तर वायफायला हात लावू नका, कंपनीला फोन करा.